खालचा बर्फ

गुलमर्गहून घरी फोन केला की नानांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. जेवलीस का, थंडी किती, हे सगळं नंतर. आधी, "कितीक पडला?" मी इंचांत सांगते, कारण गुलमर्गात सगळे इंचांतच बोलतात. मग दुसरा प्रश्न, "आभाळ उघडलं का?" उघडलं म्हटलं की पलीकडे थोडा वेळ आवाज येत नाही. मग आईला ऐकू जाईल अशा बेतानं ते बोलतात, "दोन दिवसांत इकडं गारठा येणार. विहिरीच्या मोटारीचं बघून ठेवलं पाहिजे."

आमची निफाड तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूनं निघालेला पश्चिमी झंझावात इराण, अफगाणिस्तान ओलांडून काश्मीरच्या पीर पंजाल डोंगरांना धडकतो, तिथं बर्फ टाकतो आणि पूर्वेकडं सरकतो. त्याच्या पाठीमागं उत्तरेचा कोरडा, थंड वारा खाली उतरतो. राजस्थान, मध्य प्रदेश करत तो खानदेशात आणि आमच्याकडं पोचला, की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात निफाडचं नाव येतं. पारा चार-पाच अंशांवर आला तर मण्यांची फुगवण थांबते, पाणी उतरलेल्या, म्हणजे पिकू लागलेल्या मण्यांना तडे जातात, काही बागांत मणी गुलाबी पडतात. मग पहाटे तीनला उठून बांधाबांधावर शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबक सोडायचं, कारण विहिरीचं पाणी त्या हवेपेक्षा गरम असतं. माझं सगळं लहानपण या पहाटांत गेलं. धुरानं डोळे चुरचुरायचे आणि हातात उलथणं नाहीतर काठी असायची.

आता मी शाळेत भूगोल शिकवते. पश्चिमी झंझावात दहा वर्षं पुस्तकातून शिकवला. तो अंगावर घेतला तो 2018 साली, गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेत दोन आठवड्यांचा प्राथमिक कोर्स केला तेव्हा. त्यानंतर जमेल तेवढ्या हिवाळ्यांत आठवडाभर तरी तिथं जाते. घसरायला आवडतं हे खरंच आहे, पण मी मुख्यतः बर्फ वाचायला जाते. तीन-चार हिवाळ्यांनंतर मला कळलं, की "बर्फ किती पडला" या प्रश्नाचं उत्तर अर्धंच असतं. उरलेलं अर्धं उत्तर आधी पडून राहिलेल्या बर्फाकडं असतं. हे सगळ्यात स्पष्ट दिसलं ते 2024 च्या हिवाळ्यात, म्हणून आज तेच लिहिते आहे.

त्या वर्षी संक्रांतीला जोडून रजा घेतली होती. विमान श्रीनगरला उतरताना खाली धुकं होतं. खोऱ्यात थंड हवा साचून राहिली, की वर ऊन आणि खाली धुकं असं होतं. टंगमर्गला पोचलो. एरवी जानेवारीत इथं साध्या गाड्या थांबतात आणि चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्यांत बसून वरचे तेरा किलोमीटर जावं लागतं. त्या दिवशी आमचा ड्रायव्हर थांबलाच नाही. तसाच सरळ वर गेला. रस्ता कोरडा होता. वळणांवर झाडांच्या सावलीत मळकट बर्फाचे दोन-चार ढिगारे दिसले, बस्स.

गुलमर्गचं पठार तपकिरी होतं. जिथं मी पहिल्यांदा पाय वाकवून नांगरासारख्या स्की धरायला शिकले, त्या नवशिक्यांच्या उतारावर वाळलेलं गवत होतं आणि त्यावर घोडे चरत होते. लाकडी स्लेज एकावर एक रचून ठेवल्या होत्या. स्लेज ओढणारी माणसं फेरनच्या, म्हणजे ढगळ काश्मिरी झग्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी धरून उन्हात बसली होती. काही पर्यटक गवतावर उभे राहून लांबच्या शिखराकडं पाठ करून फोटो काढत होते. ज्या एजंटकडून माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानं सहल घेतली होती, त्यानं त्यांना "जानेवारीत बर्फाची हमी" दिली होती. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीनं मला विचारलं, "बर्फ कुठं ठेवलाय?" मला तिला काहीच सांगता आलं नाही.

तो चिल्लई कलानचा मध्य होता. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा, असा काश्मिरी हिवाळ्याचा हिशोब आहे. आपल्याकडं मृग, आर्द्रा म्हणतात तसाच हा लोकांच्या तोंडी असतो. चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ कडाक्याच्या थंडीत घट्ट बसतो आणि उन्हाळ्यापर्यंत पुरतो. खुर्द आणि बच्चामध्ये पडलेला लवकर वितळून जातो. त्यामुळं तो चाळीस दिवसांचा काळ कोरडा जाणं म्हणजे नुसतं पर्यटनाचं नुकसान नाही. आमच्या ड्रायव्हरची टंगमर्गच्या खाली सफरचंदाची बाग आहे. तो म्हणाला, थंडी आहे म्हणून झाडं झोपली आहेत, तेवढं बरं आहे. पण एप्रिलमध्ये नाल्याला पाणी कुठून येणार? सफरचंदाला फुटव्याआधी ठरावीक तास सात अंशांच्या खाली झोप लागते हे मला माहीत होतं. मी त्याला द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, आणि आमच्या विहिरींबद्दल सांगितलं. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं शेतकरीच बोलत होतो.

गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांचा पहिला टप्पा गुलमर्गच्या सुमारे 2650 मीटरवरून कोंगडूरीला, म्हणजे 3050 मीटरच्या आसपास नेतो. दुसरा टप्पा तिथून अफरवट शिखराच्या खांद्यावर, 3900 मीटरच्याही वर. हवा साधारण दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी थंड होत जाते, म्हणजे खालच्या पठारावर शून्य असेल तेव्हा वर उणे आठ-नऊ. त्यामुळं खाली गवत असताना वर थोडा बर्फ होता. डिसेंबरात कधीतरी पडलेला, मांडीपर्यंत सोडा, पोटरीपर्यंतही न येणारा. पर्यटक त्यावर आनंदानं लोळत होते. मी हातमोजा काढून त्यात हात घातला.

बर्फ मुठीत बसेना. दाबला तरी गोळा होईना, बोटांतून जाड्या साखरेसारखा सरसर निसटला. दाणे उन्हात चमकत होते. नीट पाहिलं तर प्रत्येक दाण्याला सपाट कडा होत्या, एखाद्या लहान पैलू पाडलेल्या खड्यासारख्या. दिसायला फार सुंदर. पण माझ्या पोटात गोळा आला.

हे का होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बर्फाखालची जमीन हिवाळाभर शून्य अंशाच्या आसपास राहते. वरची हवा रात्री उणे पंधरापर्यंत जाते. बर्फाचा थर दीड-दोन मीटर जाड असेल तर हा फरक सगळ्या जाडीत वाटला जातो, आणि आतले दाणे हळूहळू गोल होत एकमेकांना चिकटतात. भक्कम पाया तयार होतो. पण थर वीतभरच असेल, तर तोच पंधरा अंशांचा फरक त्या वीतभरात कोंबला जातो. दहा सेंटिमीटरला एक अंशापेक्षा जास्त फरक पडला, की खालच्या उबदार बर्फाची वाफ होऊन वर चढते, वरच्या थंड दाण्यांवर गोठते, दाण्यांना पैलू पडतात आणि त्यांची एकमेकांवरची पकड सुटते. पातळ बर्फ, निरभ्र आकाश आणि कोरडी थंडी एवढं जमलं, की वादळ नसताना, वारा नसताना, शांतपणे बर्फ आतून कुजतो. कुजतो हा शब्द मी मुद्दाम वापरते. नानांना फोनवर समजावताना तोच सुचला, आणि ते लगेच म्हणाले, "वरून घड चांगला, आतून देठ गेलेला. तसंच ना?" अगदी तसंच.

आपल्याकडं पहिला पाऊस पडून गेला आणि मग मोठी उघडीप झाली, की शेतकऱ्याच्या छातीत धडधडतं ना, गुलमर्गच्या जाणत्या माणसांना जानेवारीत तसं होत होतं. सगळे बर्फासाठी प्रार्थना करत होते. मशिदींतून हिवाळी पावसासाठी नमाज पढली जात होती. मीही मनापासून मागत होते. पण त्यातल्या काहींना हेही ठाऊक होतं, की बर्फ आला तरी तो या साखरेवर येऊन बसणार आहे.

रजा संपवून मी परत आले. जानेवारीच्या अखेरीस बर्फ सुरू झाला. चिल्लई कलान संपता संपता. काश्मिरीत बर्फाला शीन म्हणतात आणि मोसमातला पहिला बर्फ पडला की एकमेकांना नव शीन मुबारक म्हणतात. माझ्या फोनवर तो निरोप आला तेव्हा मी नववीच्या वर्गात होते. मधल्या सुट्टीत वाचला आणि डोळे भरून आले.

फेब्रुवारीत उरलेली रजा टाकून पुन्हा गेले. त्याच आठवड्यात, 21 तारखेपासून, तिथं खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा होत्या. त्या आधी आणखी एक मोठा झंझावात येत होता. आदल्या रात्री हॉटेलच्या गच्चीवरून मी चंद्र पाहिला. त्याला मोठं खळं पडलं होतं. आमच्याकडं खळं पडलं की म्हातारी माणसं म्हणतात पाऊस जवळ आला. काश्मीरमध्येही तो इशारा तितकाच खरा आहे, कारण खळं म्हणजे फार उंचावर बर्फाच्या कणांचा पातळ ढग पसरला आहे आणि चंद्राचा प्रकाश त्यातून वाकून येतो आहे. झंझावाताचं सगळ्यात पुढचं टोक ते. त्या दिवशी दुपारीच पश्चिमेला पिसांसारखे ढग दिसले होते. संध्याकाळी वारा वळून नैर्ऋत्येकडून येऊ लागला. विचित्र वाटेल, पण बर्फाच्या आधी हवा किंचित उबदार होते. नवखा माणूस म्हणतो, थंडी कमी झाली, आता कसला बर्फ पडतो. जुना माणूस फावडं दाराच्या आत आणून ठेवतो.

पहाटेपासून सुरू झाला. मी एक पांढरा रंगवलेला फळकूट घेऊन जाते, दीड फूट लांब-रुंद, आणि शाळेतली स्टीलची पट्टी. फळी मोकळ्या जागी, भिंतीपासून लांब ठेवायची, रोज सकाळी सातला मापायचं, झाडून पुन्हा ठेवायची. सोबत एक पत्र्याचा डबा. त्यात पडलेला बर्फ खोलीत वितळवून पाणी किती भरलं ते बघायचं. साधारण दहा इंच बर्फाचं एक इंच पाणी होतं असं धरतात, पण हा आकडा फसवा आहे. पहिल्या दिवशीचा बर्फ बोराएवढ्या ओल्या पाकळ्यांचा होता, जॅकेटवर पडला की लगेच डाग. त्यात पाणी जास्त होतं. दुसऱ्या रात्री वारा फिरून वायव्येचा झाला, थंडी वाढली, आणि तिसऱ्या सकाळी फळीवर जे होतं त्यावर फुंकर मारली तर ते उडालं. डबाभर बर्फाचं तळ झाकेल एवढंच पाणी. हा तो बर्फ, ज्यासाठी युरोपातून, ऑस्ट्रेलियातून माणसं गुलमर्गला येतात. त्यातून जाताना स्कीचा आवाजच होत नाही. गुडघ्यापाशी पांढरी पिठी उठत राहते आणि आपण कशावर तरी आहोत असं वाटतच नाही.

जड खाली आणि हलका वर, ही रचना चांगली. उलटं झालं, म्हणजे आधी पिठासारखा पडून त्यावर ओला जड बर्फ बसला, तर वरचा थर खालच्याला झेपत नाही. त्या झंझावातानं तीन दिवसांत जे रचलं ते स्वतःपुरतं नीट होतं. प्रश्न त्याच्या तळाचा होता.

आभाळ उघडलं त्या सकाळी गोंडोलासमोर मोठी रांग लागली. सगळ्यांच्या खांद्यावर रुंद स्की, चेहऱ्यावर लहान मुलांसारखी घाई. निळ्या आभाळात अफरवट उभा. मात्र त्याच्या धारेवरून पूर्वेकडं पांढरा धूर वाहत होता. तो धूर म्हणजे वाऱ्यानं उचललेला बर्फ. पश्चिमेकडून येणारा वारा धारेपलीकडचा बर्फ उचलून अलीकडच्या उतारावर आणून टाकतो, आणि अलीकडचा उतार म्हणजे जिथं सगळ्यांना घसरायचं असतं तोच. आभाळातून फूटभर पडला असेल तर अशा ठिकाणी तो तीन-चार फूट होतो. शिवाय वाऱ्यात दाणे आपटून बारीक होतात आणि दाबून बसतात. वरून गुळगुळीत, ठोकली तर पोकळ आवाज देणारी बर्फाचीच फळी तयार होते. धारेवर कौलांच्या वळचणीसारखा बर्फाचा ओठ पुढं आलेला असतो. खिडकीवरच्या माणसानं रांगेला सांगितलं, "ऊपर हवा है, फेज टू बंद." रांगेत हळहळ पसरली. एक मुंबईचा गट जोरजोरात भांडायला लागला, आभाळ तर स्वच्छ आहे म्हणून. मला त्यांचा राग आला नाही. उलट मला वाटलं, यांना कुणीतरी तो धूर दाखवायला हवा होता. मी दाखवला. दोघांनी ऐकलं.

माझे गाइड टंगमर्गच्या बाजूचे, पन्नाशीचे. मी त्यांना भाईसाब म्हणते, ते मला मॅडमजी. त्यांच्याकडून आणि नंतर एका छोट्या कोर्समध्ये मी हिमस्खलनाचं जे काही थोडं शिकले, त्यातलं सगळ्यात आवडतं काम म्हणजे खड्डा खणणं. कोंगडूरीच्या जरा वर, झाडांची रेषा संपते तिथं भूर्जाची वाकडी झाडं आहेत. त्यांच्या आडोशाला, वरून काही येणार नाही अशा मंद उताराच्या जागी, वरच्या मोठ्या उताराचं तोंड ज्या दिशेला आहे त्याच दिशेला तोंड असलेली जागा भाईसाबांनी निवडली. आम्ही फावड्यानं जमिनीपर्यंत खणलं. मग डोंगराकडची भिंत फावड्याच्या पात्यानं सपाट केली.

त्या भिंतीत अख्खा हिवाळा दिसतो. वर पिठी, तिच्यात पूर्ण मूठ सहज जाते. त्याखाली चार बोटं जातात. त्याखाली एकच बोट. मग एक पापुद्रा, मधल्या उन्हाच्या दोन दिवसांचा, त्यात पेन्सिल टोचावी लागते. हात असा खाली खाली नेत, कडकपणा वाढत जातो आणि मनाला बरं वाटत जातं. आणि मग अगदी तळाशी, जमिनीच्या वर वीतभर, हात एकदम आत गेला. मूठच्या मूठ. बाहेर काढली तर बोटांतून साखर गळत होती. जानेवारीत मी हातात धरली होती तीच. महिनाभर तिच्यावर एवढं ओझं बसलं होतं तरी ती तशीच होती.

मग चाचणी. फूटभर लांब, फूटभर रुंद असा बर्फाचा खांब चारही बाजूंनी मोकळा करायचा, त्यावर फावड्याचं पातं ठेवायचं. दहा थापा नुसत्या मनगटातून. मग दहा कोपरापासून. मग दहा खांद्यापासून. भाईसाब मोजत होते. मनगटाच्या दहा थापांत काही झालं नाही. कोपराच्या चौथ्या थापेला खांब तळापासून सुटला आणि ड्रॉवर ओढावा तसा सपकन पुढं आला. खाली राहिलेला पृष्ठभाग काचेसारखा सपाट. दोघंही काही बोललो नाही. भाईसाबांनी खांबाचे तुकडे खड्ड्यात ढकलले, खड्डा बुजवला, आणि म्हणाले, आज जंगलात. वर उघडलं तरी आज आपण जंगलात.

परत निघताना, सपाटीवर, माझ्या पायाखालून एक आवाज आला. फार खोल, दबका, गादीवर कुणीतरी जड पोतं टाकावं तसा. आणि पायाखालची जमीन बोटभर खाली बसल्यासारखी वाटली. तळची साखर कोसळल्याचा आवाज. सपाटीवर होते म्हणून आवाजावर भागलं. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हाच आवाज आला असता, तर वरची सगळी फळी एकदम सुटली असती. म्हणूनच हे कोन लक्षात ठेवायचे असतात. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साचत नाही, थोडा थोडा गळून जातो. त्याहून मंद उतारावर सहसा सुटत नाही. आणि मधला जो पट्टा घसरायला सगळ्यात आनंदाचा, तोच सगळ्यात धोक्याचा आहे. या सुंदर डोंगरातली ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

दुसऱ्या दिवशी, 22 फेब्रुवारीला, मी स्पर्धा बघत होते. खालचे उतार भरभरून पांढरे होते, मुलं झेंड्यांमधून वळत खाली येत होती, जानेवारीतल्या त्या गवताची आठवणही राहिली नव्हती. दुपारी माणसांच्या हालचालीत काहीतरी बदललं. जवान वेगानं वर निघाले. स्की पेट्रोलचे, म्हणजे उतारांवर लक्ष ठेवणाऱ्या पथकाचे लोक निघाले. अफरवटच्या बाजूला हिमस्खलन झालं होतं, रशियन स्कीपटूंचा गट त्यात सापडला होता. त्यातला एकजण गेला. बाकीच्यांना बाहेर काढलं. मी खणलेला खड्डा वेगळ्या जागेचा होता, त्यावरून त्या अपघाताचं कारण मी सांगू पाहत नाही. पण त्या संध्याकाळी हॉटेलच्या बुखारीभोवती, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीभोवती कुणी मोठ्यानं बोललं नाही. आदल्याच वर्षी, 1 फेब्रुवारी 2023 ला, याच डोंगरावर हिमस्खलनात दोन पोलिश पर्यटक गेले होते. फेब्रुवारी 2010 मध्ये गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला सैन्याच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणातले 17 जवान गेले. ते तर बर्फातच शिकणारे, बर्फच शिकणारे होते.

म्हणून जे कुणी आपल्याकडून आता मोठ्या संख्येनं गुलमर्गला जातात, त्यांना कळकळीनं काही सांगायचं आहे. खालच्या पठारावर, नवशिक्यांच्या उतारावर, पहिल्या टप्प्याजवळच्या आखलेल्या वाटांवर मनसोक्त खेळा. तिथं शिकण्यासारखं खूप आहे. दुसऱ्या टप्प्याच्या वरच्या वाडग्यासारख्या उताराचा जो भाग स्की पेट्रोल सांभाळतं, स्फोट करून साचलेला बर्फ मुद्दाम पाडतं, त्याची सीमा दोरीनं आखलेली असते. ती दोरी फार बारीक दिसते आणि तिच्या पलीकडं कुणाचाही पाय न लागलेला बर्फ असतो. मोह होतो. पण तिकडं जायचं तर प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्याचा माग देणारं संदेशयंत्र, पाठीवर फावडं आणि शोधकाठी, ती वापरायचा सराव आणि सोबत जाणता गाइड हवाच. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तर जगण्याची शक्यता खूप असते, त्यानंतर ती झपाट्यानं घटते. एवढ्या वेळात खालून मदत वर पोचत नाही. सोबतचेच वाचवतात.

आणि वेळ सांभाळा. हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. एकाच डोंगरावर एकाच दिवशी चार जातींचा बर्फ असतो. उत्तरेकडं तोंड असलेल्या उतारावर पिठी आठवडाभर टिकते. दक्षिणेकडच्या उतारावर तीच दोन दिवसांत पापडासारखी कडक होते, स्कीची धार लागत नाही, कर्रर्र आवाज येतो. फेब्रुवारी संपत आला, की सकाळी काच, अकराला वरचा बोटभर थर भिजवलेल्या साबुदाण्यासारखा मोकळा, आणि दोननंतर चिखल. साबुदाण्याची ती दीड तासाची वेळ शिकणाऱ्यासाठी सोन्यासारखी आहे. पाय ऐकतात, पडलं तरी लागत नाही. सकाळी आठला काचेवर उतरून मनगट मोडून घेणारे मी पाहिले आहेत, आणि ते सगळे म्हणतात की स्कीइंग फार अवघड आहे. अवघड नाही, त्यांची वेळ चुकली.

2025 मध्ये पुन्हा तेच झालं. फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडिया स्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढं ढकलल्या आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात घेतल्या. शाळेच्या परीक्षा होत्या, मला जाता आलं नाही. भाईसाबांनी व्हिडिओ कॉलवर नवशिक्यांचा उतार दाखवला. पुन्हा उशिरा आलेला पांढरा रंग. मी विचारलं, खणून बघितलं का? ते म्हणाले, रोज बघतो.

पण मला 2024 ची ती शेवटची सकाळ सांगायची राहिली. 23 तारीख, शुक्रवार. रात्रभर आभाळ मोकळं होतं, सकाळी नाकातला श्वास गोठत होता. आम्ही फरच्या जंगलातून खाली उतरलो. झाडं एकमेकांजवळ, उतार मंद, बर्फ खोडांच्या आधारानं धरून ठेवलेला. फांदीवरची पिठी मध्येच सुटायची आणि उन्हात चकाकत खाली यायची. अर्ध्या वाटेत एका मोकळ्या जागी रेंज मिळाली, तेव्हा घरी फोन लावला. नाना बागेतच होते, मागं बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, घड तपासणं चाललं होतं. मी आपणहून सांगायला सुरुवात केली, की आभाळ उघडलं आहे, वारा वायव्येचा आहे, वर फळीवर...

त्यांनी मध्येच थांबवलं. बातमी त्यांनी टीव्हीवर पाहिली होती.

"ते राहू दे," ते म्हणाले. "खालचा कसाय?"

मी सांगितलं. तळाशी वीतभर साखर आहे, कोपराच्या चौथ्या थापेला सुटते. त्यांनी थापांचं पुन्हा विचारून घेतलं, मनगटाच्या किती, कोपराच्या किती.

"मग वर जाऊ नको बाई," नाना म्हणाले. "झाडीतून उतर. आणि रविवारपर्यंत घरी ये, सोमवारी तोड धरलीय."